शेवटच्या दोन दिवसांची किंमत

पाचगणी मागे टाकून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं की डिसेंबर ते मार्चच्या दिवसांत दोन्ही अंगांना स्ट्रॉबेरीचे मळे दिसतात आणि मळ्यांपुढे, आत येऊन आपल्या हातानं फळं तोडा, असं आमंत्रण देणाऱ्या पाट्या. अशा एखाद्या मळ्यात एका सरीत भिलारची किंवा मेटगुताडची बाई वाकून फळं तोडत असते. तिला त्या कामाची मजुरी मिळते. चार सऱ्या पलीकडे पुण्याहून आलेलं कुटुंब तसंच वाकून तशीच फळं तोडत असतं आणि त्या कामाचे पैसे देत असतं. झाड तेच, फळ तेच, काम तेच. पैसा मात्र उलट्या दिशेनं वाहतो.

साधा हिशेब असं सांगतो, की तोडणीची मजुरी वाचली, आडत वाचली, टेम्पोचं भाडं वाचलं, तर फळ स्वस्त पडायला हवं. प्रत्यक्षात मळ्यात आपण तोडलेल्या फळाचा भाव पुष्कळदा रस्त्याकडेच्या खोक्याहून जास्त असतो. कुठे डोईमागे प्रवेशाचे पैसे असतात, कुठे फक्त वजनाचे, कुठे दोन्ही. मग कुणीतरी विचारतंच, ‘आम्हीच राबायचं आणि आम्हीच जास्त मोजायचे?’ प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला निघालं, की वाट शेतकऱ्याच्या वहीतून सुरू होते आणि फळाच्या पेशींपर्यंत जाते.

ही पद्धत जन्मली ती मात्र स्वस्ताईपोटीच. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या महामंदीत फळांचे भाव इतके कोसळले, की तोडणीची मजुरी आणि खोक्यांचा खर्चही निघेना. तेव्हा, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मजूर मिळेनासे झाले तेव्हाही, अनेक शेतकऱ्यांनी मळ्याचं फाटक उघडून दिलं. टोपली तुमची, कष्ट तुमचे, भाव कमी. इंग्लंडमध्ये ही चाल रूढ करणाऱ्यांत डर्बीशरचे शेतकरी आणि रेडिओ-टीव्हीवरचे लोकप्रिय निवेदक टेड मोल्ट यांचं नाव घेतलं जातं. तो काळ १९६० च्या दशकाचा. माणसं मोटारी भरभरून फळं नेत आणि वर्षाचा जॅम घालत. पुढे दुकानांतली फळं स्वस्त झाली, घरोघरचा जॅम मागे पडला आणि मळ्यात येणारा माणूस बदलला. तो आता बेगमीसाठी येत नाही, मुलांना घेऊन अर्धा दिवस घालवायला येतो. शेतकऱ्याच्या खर्चाची जातही त्याबरोबर बदलली.

पण आधी तोडणीचं पाहू, कारण या फळाच्या सगळ्या हिशेबाची किल्ली तिथे आहे.

स्ट्रॉबेरी एकदम पिकत नाही. एकाच रोपाच्या एकाच घोसात आज फूल असतं, शेजारी वाटाण्याएवढी हिरवी गाठ असते, तिच्या पलीकडे पांढरट पडलेलं फळ असतं आणि त्याला चिकटून एखादं लालबुंद. गहू एका दिवसात कापून मोकळं होता येतं, तसं इथे होत नाही. महिनोन् महिने, दर दोन-तीन दिवसांनी, प्रत्येक रोपापाशी वाकायचं, पानं बाजूला करायची, पिकलेलं तेवढं देठासकट खुडायचं आणि बाकीच्यांना धक्का न लावता पुढे सरकायचं. महाबळेश्वर भागात एकरी वीस-बावीस हजार रोपं असतात. म्हणजे एका एकराच्या एका तोड्यात तेवढ्या वेळा थांबून पाहणं आलं. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी, जिथे नांगरणीपासून फवारणीपर्यंत सगळं यंत्रावर चालतं, तिथेही स्ट्रॉबेरीच्या उत्पादनखर्चाचा निम्म्याहून मोठा भाग तोडणी आणि भरणीवर जातो. यंत्रमानवांचे प्रयोग चालू आहेत. पण पानाआडचं फळ ओळखून, ते न चिरडता खुडण्याची माणसाच्या बोटांची सफाई अजून त्यांना साधलेली नाही.

सरीत वाकलेली ती मजूर बाई कोणतं फळ खुडते, ते बारकाईनं बघा. मुंबईला जायचा माल असेल, तर ती पूर्ण लाल झालेलं फळ टाळते. तीन-चतुर्थांश रंगलेलं, देठापाशी अजून पांढरी कड असलेलं फळ ती निवडते. घाटातले धक्के, टेम्पोतली रात्र, बाजारातली सकाळ, दुकानातली दुपार, एवढं सगळं सोसायला ते फळ घट्ट असावं लागतं. पूर्ण पिकलेलं फळ साध्या हवेत एक-दोन दिवसांवर टिकत नाही. त्याची साल म्हणजे साल म्हणावी इतकी जाडच नसते आणि वजनातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो.

शहरात पोचेपर्यंत ते फळ लाल होतं. आपण ते विकत घेतो, चावतो, आंबट लागतं, आणि आपण म्हणतो, ‘यंदा स्ट्रॉबेरीला चव नाही.’

चव होती. ती यायच्या दोन दिवस आधी फळ झाडावरून उतरलं.

कोकणातला माणूस इथे अडेल. हापूस तरी कुठे झाडावर पिकवतात? तो चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, भाताच्या पेंढ्यात अढी घालायची आणि आठ-दहा दिवसांनी घर घमघमतं. उलट झाडावर जास्त ठेवला, तर साका होण्याची भीती. मग जे आंब्याला साधतं ते स्ट्रॉबेरीला का साधू नये?

कारण दोघांची पिकण्याची रीतच वेगळी आहे. आंबा झाडावर असताना आपल्या गरात पिष्ट साठवून ठेवतो. उतरवल्यावर तो जोरानं श्वसन करू लागतो, इथिलीन नावाचा वायू सोडतो, त्या वायूच्या इशाऱ्यानं पिष्टाची साखर होते, आंबटपणा ओसरतो, गंध उमलतो. शिदोरी बरोबर घेतलेली असल्यामुळे त्याला झाडाची गरज उरलेली नसते. श्वसनाची ही अचानक चढणारी लाट केंब्रिजच्या किड आणि वेस्ट या दोन शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात सफरचंदांत मोजली. केळं, चिकू, पपई, पेरू ही सगळी याच घराण्यातली.

स्ट्रॉबेरी या घराण्यातली नाही. तिच्याकडे पिष्टाची शिदोरी जवळजवळ नसते. तिची साखर पानांत तयार होते आणि देठातून थेंबाथेंबानं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, फळात उतरत राहते. देठ तुटला की ती आवक कायमची थांबते. खुडलेल्या क्षणी फळात जेवढी साखर असेल तेवढीच. पुढे ती वाढत नाही, उलट फळाच्या श्वसनात थोडीथोडी खर्च होत जाते. लाल रंग मात्र खुडल्यावरही चढत राहतो. म्हणून बाजारातल्या स्ट्रॉबेरीच्या रंगावरून तिच्या गोडीची खात्री देता येत नाही. द्राक्षं आणि संत्रीही याच बाजूची आहेत. म्हणून तर नाशिक-सांगलीचा बागायतदार घड कापण्याआधी मण्यातली साखर मोजून बघतो, कारण कापल्यावर ती वाढणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि गोडी हा तर अर्धाच भाग. स्ट्रॉबेरीचा जो वास आपण ओळखतो, तो एका रसायनाचा नाही. शेकडो उडून जाणारी द्रव्यं मिळून तो बनतो आणि त्यांतली महत्त्वाची द्रव्यं फळात भराभर वाढतात ती अगदी शेवटी, रंग कडेपर्यंत चढत असताना. पांढऱ्या कडेच्या फळात आणि देठापर्यंत लाल झालेल्या फळात अंतर असतं दोन-तीन दिवसांचं. त्या दोन-तीन दिवसांत साखर चढते, आम्ल उतरतं, वजनही थोडं वाढतं आणि सुगंध उभा राहतो. झाडाची सगळी मेहनत या दिवसांसाठी असते, आणि दूरच्या बाजाराला नेमके हेच दिवस परवडत नाहीत.

मळ्यात जाऊन आपण जे विकत घेतो ते हे शेवटचे दोन दिवस. ते खोक्यात भरता येत नाहीत, टेम्पोत चढवता येत नाहीत, शीतगृहात ठेवता येत नाहीत. ते घ्यायचे तर गिऱ्हाइकालाच झाडापाशी यावं लागतं. जास्तीच्या भावाचं पहिलं आणि माझ्या मते सगळ्यांत खरं कारण हेच आहे.

आता त्या फळाकडे जरा जवळून बघा, कारण मळ्यात तशी सवड मिळते. ज्याला आपण फळ म्हणतो तो फुलाच्या देठाचा फुगलेला माथा आहे. त्याच्या अंगावर जे पिवळसर दाणे दिसतात, एका मध्यम फळावर दोनेकशे, त्यांतला प्रत्येक दाणा म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं एक स्वतंत्र, पुरं फळ. त्याच्या पोटात एक बी. ज्याँ-पिएर नीच या शास्त्रज्ञानं १९५० मध्ये एक फार देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे दाणे टोकरून काढले. फळाची वाढ थांबली. काही ठिकाणचे दाणे ठेवले, तर फळ फक्त तेवढ्याच ठिकाणी फुगलं. मग दाणे काढलेल्या फळाला त्यानं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक लावलं आणि दाण्यांवाचूनही फळ वाढलं. म्हणजे प्रत्येक दाणा आपल्या खालच्या गराला वाढायची आज्ञा देत असतो. दाणे पक्व होत आले की ती आज्ञा मंदावते आणि गर पिकायला लागतो. मळ्यात कधी वेडंवाकडं, एका बाजूनं चेपलेलं फळ हाती आलं तर फेकू नका. त्या बाजूच्या दाण्यांचं परागीभवन नीट झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. चवीत त्यानं फरक पडत नाही.

हे फळ इथवर आलं त्याचीही किंमत कुणीतरी मोजलेली आहे. आज जगभर पिकणारी बागायती स्ट्रॉबेरी निसर्गात मुळी नव्हतीच. फ्रान्सच्या राजानं १७१२ मध्ये अमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए या लष्करी अभियंत्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्पॅनिश किल्ल्यांची हेरगिरी करायला पाठवलं. चिलीत त्यानं किल्ले पाहिले तसे मोठमोठ्या पांढरट फळांचे स्ट्रॉबेरीचे मळेही पाहिले. १७१४ मध्ये परतताना त्यानं त्यांची रोपं जहाजावर घेतली. सहा महिन्यांचा प्रवास, गोडं पाणी माणसांनाच तुटपुंजं. शेवटी पाच रोपं जगली, आणि त्यांतली दोन द्यावी लागली ती जहाजावरच्या माल-अधिकाऱ्याला. त्यानं रोपांसाठी पाणी सोडलं होतं, त्याचा हा मोबदला. समुद्र ओलांडायची पाण्याची किंमत पाचांत दोन झाडं! उरलेली रोपं फुलली, पण फळेनात, कारण फ्रेझिएनं जोमदार, फळं धरणारी म्हणून निवडलेली सगळी रोपं मादी होती. पुढे ब्रिटनी प्रांतात त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतली लहान, लाल, सुगंधी स्ट्रॉबेरी लावली गेली. दोन खंडांतल्या दोन जाती फ्रान्सच्या मातीत भेटल्या आणि त्यांच्या संकरातून आपली स्ट्रॉबेरी जन्मली. हे सगळं नेमकं कसं घडलं ते १७६६ मध्ये उलगडून सांगितलं आंत्वान निकोला दुशेन यानं, आणि तेव्हा तो विशीतही पोचला नव्हता.

आता पुन्हा आपल्या डोंगराकडे येऊ. ब्रिटिशांनी १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर थंड हवेचं ठाणं म्हणून वसवलं. तिथल्या तुरुंगात पूर्वेकडून आणलेले चिनी कैदी असत. त्यांच्या हातांनी बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे फुलले. स्ट्रॉबेरीही इंग्रजी अमदानीतच या डोंगरावर आली आणि रुजली. २०१० मध्ये ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. आज देशातल्या स्ट्रॉबेरीतला सिंहाचा वाटा याच टापूचा.

पण रुजली म्हणताना जपून म्हणायला हवं. युरोपात एकदा लावलेलं रोप काही वर्षं राखता येतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या पावसात स्ट्रॉबेरी तग धरत नाही. म्हणून इथला मळा दर वर्षी शून्यातून उभा करावा लागतो. मातृरोपं परदेशातून मागवायची. ती पावसाळ्यात वाढवायची कुठे? तर घाट उतरून वाईकडे, जिथे तीस-बत्तीस किलोमीटरच्या अंतरात पाऊस सात-आठशे मिलिमीटरवर येतो, किंवा पाचगणीच्या बाजूला आडोशाखाली. मातृरोपाला जमिनीसरशी पसरणारे धुमारे फुटतात, त्यांना शेतकरी रनर म्हणतात. प्रत्येक रनरच्या टोकाशी एक नवं रोप. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात ही रोपं वर चढवायची. तोवर लाल मातीचे गादीवाफे ओढायचे, ठिबकच्या नळ्या अंथरायच्या, वर मल्चिंगचा कागद ताणायचा, भोकं पाडायची आणि एकेक रोप हातानं लावायचं. स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन ही वाणांची नावंच सांगतात, की ती फ्लोरिडा-कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठांतून निघून या डोंगरावर आली आहेत. पुढच्या जूनमध्ये पुन्हा सगळं संपतं. आपण ज्या सरीत दहा मिनिटं उभे राहतो ती सरी सहा-आठ महिन्यांपूर्वी नव्हती आणि सहा महिन्यांनी नसेल.

अशा मळ्यात शेतकरी आपल्याला आत घेतो तेव्हा तो काय पणाला लावतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पाहुण्यांच्या ते सहसा लक्षात येत नाही.

सऱ्या अरुंद असतात. एक पाय घसरून वाफ्यावर पडला की कागद फाटतो, दोन-तीन रोपं मोडतात. सवयीचा हात देठ नखानं खुडतो. नवखा हात फळ धरून ओढतो आणि त्याबरोबर घोसातली कच्ची फळं, फुलं उपटून येतात. ती पुढच्या पंधरवड्याची कमाई असते. नवखा डोळा वरवरची चार लाल फळं उचलतो आणि पानाआडची पिकलेली फळं तशीच राहू देतो. ती दोन दिवसांत सडतात, त्यांच्यावर करडी बुरशी चढते आणि ती शेजारच्या चांगल्या फळांवर पसरते. म्हणून पाहुणे येऊन गेलेल्या सरीतून त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी मजूर बायकांना पुन्हा एक फेरी मारावी लागते, आपण सोडलेलं वेचायला. तोडणीची मजुरी वाचली असं आपल्याला वाटतं, ती प्रत्यक्षात वाचलेलीच नसते.

त्याहून मोठी अडचण वाराची. फळ आठवड्याचे सातही दिवस पिकतं. पाहुणा शनिवार-रविवारीच येतो, किंवा नाताळच्या सुट्टीत एकदम. मंगळवारी पिकलेलं फळ शनिवारची वाट पाहत नाही. त्यामुळे पाहुण्यांवर विसंबून मजूर कमी करणं कुणालाच जमत नाही. पाहुण्यांसाठी राखलेल्या सऱ्या मधल्या दिवसांत तोडाव्या लागतातच. शिवाय शनिवारसाठी त्यांत पिकलेलं फळ असायलाही हवं, म्हणून थोडी जोखीम घेऊन ते झाडावर राखावं लागतं. आभाळ आलं, अवकाळी पाऊस झाला, की राखलेलं सगळं मातीत. शिवाय फवारणीच्या वेळा सांभाळाव्या लागतात. प्रत्येक औषधानंतर फळ तोडण्याआधी काही दिवस थांबायचा नियम असतो, आणि रोज कुणीतरी आत येणार असेल तर ते दिवस काढणं अवघड होतं. गाड्या लावायला जागा, स्वच्छतागृह, हात धुवायला पाणी, सरीत सोबत उभं राहून ‘हे तोडा, ते राहू द्या’ सांगणारं एक माणूस, हे सगळं पुन्हा वेगळंच. प्रवेशाच्या पैशांतून भरून निघतं ते हे. बहुतेक ठिकाणी ते पैसे मला कमीच वाटतात.

हा व्यवहार कसा बांधायचा याची उत्तरं जगात वेगवेगळी निघाली आहेत आणि त्यांत जपानचं उत्तर विलक्षण आहे. तिथे बहुतेक ठिकाणी किलोवर पैसे घेत नाहीत. डोईमागे ठरलेली रक्कम, साधारण अर्ध्या तासाची वेळ, आणि तेवढ्यात पोटभर खा. बाहेर मात्र एकही फळ न्यायचं नाही. गंमत पुढे आहे. ही रक्कम हंगामभर सारखी नसते. जानेवारीत ती सगळ्यांत जास्त असते आणि उतरत उतरत मे महिन्यात पुष्कळ कमी होते. जपानात नाताळचा केक म्हणजे मलई आणि स्ट्रॉबेरी. म्हणून काचघरांतलं पीक ऐन हिवाळ्यात आणण्याची सगळी धडपड, आणि हिवाळ्यातल्या फळाला तसाच भाव. उन्हाळ्याकडे मागणी उतरते, फळ भराभर पिकतं आणि लहान होतं. शिझुओका प्रांतात कुनोझानच्या पायथ्याशी तर समुद्राकडे तोंड केलेल्या उतारावर दगडांच्या भिंती रचून त्यांच्या फटींतून स्ट्रॉबेरी लावतात. दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री मुळांना ऊब देतो. त्या उबेचे पैसे पाहुणा जानेवारीत देतो.

खा पण नेऊ नका, हा नियम फार जुना आहे. ज्यूंच्या प्राचीन धर्मशास्त्रात शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात शिरून मन भरेपर्यंत खायची मुभा आहे. टोपलीत भरायची नाही. भूक ही मर्यादित असते आणि टोपली अमर्याद, हे त्या नियमकर्त्यांनी ओळखलं होतं. इंग्लंडमध्ये याच्या उलट: टोपलीचं वजन होतं, पैसे त्याचे, पोटात गेलेलं सचोटीवर सोडलेलं. म्हणून तिथल्या बऱ्याच मळ्यांनी आता प्रवेशाचे पैसे लावले आहेत, म्हणजे पोटातल्याचाही अंदाजे हिशेब होतो.

आपल्याकडेही हे नवं नाही. हुरडा पार्टी दुसरं काय आहे? ज्वारीचा दाणा दुधाळपणा सोडून मऊ गोड होतो ते दिवस मोजके. हुरडा म्हणून त्याची खरी गोडी कणीस शेतातून आणून तिथेच आगटीत भाजलं तर. पूर्वी शेतकरी सोयऱ्यांना बोलवायचा. आता डोईमागे दर लावून शहरातली माणसं बोलावतो. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावच्या शेतकऱ्यांनी हे गणित मांडलं होतं.

आता पाहुण्याच्या बाजूचा खर्च. तो मळ्याच्या फाटकावर सुरू होत नाही, घराच्या फाटकावर होतो. पुणे ते महाबळेश्वर १२० किलोमीटर धरू. जाऊन-येऊन २४०. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते असं मानलं, तर १६ लिटर पेट्रोल. लिटरला १०० रुपये धरले तर १,६०० रुपये. चौघांनी मिळून तीन किलो स्ट्रॉबेरी आणली, तर किलोमागे ५०० रुपयांवर नुसतं पेट्रोल झालं. टोल, नगरपरिषदेचा प्रवासी कर, पार्किंग आणि जेवण यात धरलेलं नाही. मळ्यातल्या भावावरून घासाघीस करताना आपण सगळ्या खर्चातल्या एका लहानशा आकड्यावर भांडत असतो, आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा आकडा तेवढाच असतो.

हाच हिशेब टेम्पोला लावून बघा. एक टन माल घेऊन तो पुण्याला उतरला आणि रिकामा परत गेला, लिटरला १० किलोमीटर धरले, तर २४ लिटर डिझेल. म्हणजे किलोमागे २४ मिलिलिटर. आपल्या गाडीचे किलोमागे पाच लिटरांहून जास्त. दोनशे पटींहून अधिक फरक! लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. १६ लिटरांचा ३७ किलो. तीन किलो फळांसाठी. हा खर्च कुठल्याच पावतीवर छापलेला नसतो, पण तो होतो. नुसत्या स्ट्रॉबेरीसाठी एवढं अंतर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. महाबळेश्वरला जाणारच असाल, भिलार या पुस्तकांच्या गावात एक दुपार काढणार असाल, तर त्या प्रवासात मळा जोडून घ्यावा. नाशिककरांना सुरगाण्याची, ठाणे-पालघरच्या लोकांना जव्हार-मोखाड्याची स्ट्रॉबेरी जवळ आहे. आदिवासी शेतकऱ्यांनी ती तिथे जिद्दीनं वाढवली आहे.

एवढं सगळं मोजूनही मी म्हणेन की एकदा तरी जावं, आणि मुलांना घेऊन जावं. फूल, हिरवी गाठ, पांढरं फळ आणि लाल फळ एकाच घोसावर बघितलेल्या मुलाला पिकणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. त्याला एक पांढऱ्या कडेचं आणि एक देठापर्यंत लाल, अशी दोन फळं एकामागून एक खायला द्या. या लेखातलं निम्मं शास्त्र त्याला त्या दोन घासांत कळेल.

जाताना शक्य तर मधल्या वारी जा, सकाळी लवकर जा. ऊन चढल्यावर फळ मऊ पडतं. आत शिरण्याआधी शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. विचारण्यात काही गैर नाही आणि नेटका शेतकरी नीट सांगतो. फळ धुऊन खा. सरीतूनच चाला. फळाला हात न लावता त्याच्या वरचा देठ नखानं खुडा, पानं उचलून आतलं पिकलेलंही घ्या. जेवढं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संपेल तेवढंच तोडा, कारण घरी नेऊन ते गोड होणार नाही. मुलांना एवढं नक्की सांगा, की देठापाशी पांढरं दिसलं तर ते फळ झाडावरच राहू द्यायचं. परवा येणाऱ्या माणसासाठी ते अजून पिकतं आहे.